घरचं मिरचीचं बी मोडीत काढू नका

स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर परवा सासवडकडचे एक काका भेटले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांचं गाव माझ्याकडे होतं. हातातल्या पिशवीत मिरचीची दोन उपटलेली झाडं. शेंडे बोकडलेले, फुलं गळालेली. "साहेब, तीन फवारे झाले. आता पुण्यातून कुठलं औषध नेऊ?"

पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पांढऱ्या माशीने विषाणू आणला की झाड कुठल्याच औषधाने सुधारत नाही. काकांच्या रानात तेच झालं होतं. गावात सगळीकडे एकच संकरित वाण, त्यामुळे एकाचं गेलं ते सगळ्यांचं गेलं. आणि घरचं बी सोडून संकरित लावा, असं त्यांना सांगणारा मीच होतो. त्यांच्या आईने जपलेलं बी आज घरात नाही.

संकरित वाण वाईट, असं मी म्हणत नाही. उत्पन्न त्यानेच वाढलं. पण रोग-किडीला तोंड देण्याचा गुण प्रयोगशाळेत शून्यातून तयार होत नाही, तो जुन्या बियाण्यातूनच घ्यावा लागतो. पुसा ज्वाला ही एन.पी. ४६-ए आणि पुरी रेड या दोन जुन्या वाणांच्या संकरातून निघाली. मिरची मूळची मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेली. पुढे आपल्या आज्या-पणज्यांनी निवडून निवडून कुठे संकेश्वरी केली, कुठे भिवापुरी, तर गोव्यात खोला. खोला मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मानांकनाने नाव राखलं जातं, बी नाही.

नवी कीड तर येतच राहणार. २०२१ साली आंध्र-तेलंगणात थ्रिप्स पार्विस्पायनस या परदेशी फुलकिड्याने फुलातच घुसून मिरचीचे फड बसवले. उद्या आणखी काही आलं, तर पैदासकाराने गुण शोधायचा कुठे?

गावरान म्हटलं की रोग येतच नाही, हाही गैरसमज नको. पुष्कळ गावरान झाडं लगेच बोकडतात. पण सगळी सारखी नसल्याने शंभरात चार-दोन हिरवीगार राहतात. तोडा सुरू होण्याआधीच त्यांना दोरा बांधा. बी एकाच झाडाचं धरू नका, जमेल तितक्या निरोगी झाडांचं घ्या. मिरचीत परपरागीकरण बरंच होतं, म्हणून दुसरं वाण दोनशे मीटर लांब हवं. तेवढं रान नसेल तर निवडलेल्या झाडांवर फुलोऱ्याआधी बारीक जाळी टाका. फळ झाडावरच लाल होऊ द्या, सावलीत वाळवा. संकरित मिरचीचं बी मात्र धरू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात.

घरचं बी राखायचा, देण्याघेण्याचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क २००१ च्या कायद्याने तुम्हाला आहे. आमच्या खात्यानेही तालुका बीजगुणन केंद्रावर गावोगावच्या मिरचीला दोन वाफे द्यायला काय हरकत आहे? हे मी वरिष्ठांनाही सांगितलं आहे.

काकांना औषध घेऊ दिलं नाही. रोगट झाडं उपटून जाळायला सांगितली आणि जुनं बी कुणाकडे उरलंय का, विचारलं. थोडा वेळ आठवत राहिले. "थोरल्या बहिणीला आईनं सासरी जाताना दिलं होतं. तिच्या परसात असंल बघा."