विश्लेषण : चोडणची खारफुटी टिकवायची, तर आधी शेताचे बांध का टिकवावे लागतील?

पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीत बसले, की काही मिनिटांत चोडण बेट येते. धक्क्यापासून थोडे चालले, की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्य. पर्यटक पक्षी पाहून, फोटो काढून परततात. मात्र या जंगलाचे भवितव्य फाटकाच्या आत नव्हे, तर बाहेरच्या भातशेतीच्या बांधांवर ठरणार आहे.

अभयारण्यात नेमके काय आहे?

मांडवी नदीतील या बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीचे दाट जंगल आहे. १९८८ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि आदल्याच वर्षी निधन झालेल्या ज्येष्ठ पक्षितज्ज्ञाचे नाव त्याला देण्यात आले. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत शिरते. ओहोटीला तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात. त्या चिखलात निवट्या आणि खेकडे, फांद्यांवर खंड्या आणि बगळे. नशीब असेल तर पाणमांजरही दिसते. हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडते.

एवढ्याशा जागेचे मोल काय?

खारफुटीच्या मुळांच्या जाळीत मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात, नंतर नदीत आणि समुद्रात जातात. म्हणजे अभयारण्यात कधी पाऊल न टाकलेल्या मच्छीमाराचे जाळेही या जंगलाशी बांधलेले असते. मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलात पालापाचोळा अतिशय सावकाश कुजतो. त्यामुळे कार्बन दीर्घकाळ जमिनीत राहतो.

खाजन शेतीचा येथे काय संबंध?

भरतीच्या पातळीखालची जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वेगळी करायची आणि तिथे भात पिकवायचे, ही गोव्याची शेकडो वर्षांची खाजन पद्धत. राज्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते. बांध चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे. त्यात लाकडी झडपांची ‘मानस’. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप बंद होते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पाणी बाहेर जाते. वीज नाही, पंप नाही. बांधाच्या नदीकडील बाजूची खारफुटी लाटा अंगावर घेते, तिच्यामागे बांध उभा राहतो आणि बांधामागे कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते.

मग शेतकऱ्याला खारफुटी शत्रू का वाटते?

बांध फुटला, की हे नाते उलटते. खारे पाणी शेतात घुसते. त्याच पाण्याबरोबर खारफुटीची रोपे आणि बिया तरंगत येतात आणि रुजतात. बांध वेळेत बुजवला नाही, तर काही वर्षांत शेताचे जंगल होते. खारफुटी किनारी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडते, ती तोडता येत नाही. म्हणजे दुरुस्ती रखडली म्हणून शेत गेले आणि ते परत मिळवायला कोयता उचलला तर गुन्हाही शेतकऱ्यावरच. अशा माणसाला ‘खारफुटी वाचवा’ असे सांगणे सोपे आहे, पटवणे अवघड.

बांध का फुटतात?

पूर्वी ही जबाबदारी गावच्या कोमुनिदादीकडे होती. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने ती कूळ संघांकडे गेली. अनेक संघ नावापुरते उरले. तरुण नोकरीला लागले, भात परवडेनासे झाले. मानशीवरील मासेमारीच्या हक्कांचा लिलाव होतो. मासे अधिक मिळावेत म्हणून खारे पाणी जास्त वेळ आत घेतले, तर त्याचा फटका भाताला बसतो. त्यात मांडवी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरली आहे. खनिजवाहू बार्जच्या लाटा काठ खातात आणि काठ गेला की बांध उघडा पडतो.

शेते खारफुटीलाच दिली तर?

हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. काही खाजने आता परत मिळणारी नाहीत, तिथे वाढलेले जंगल राखणेच शहाणपणाचे. पण सरसकट तसे केले, तर गोड्या पाण्याच्या विहिरी आणि वस्त्या खाऱ्या पाण्याच्या आणखी जवळ येतील. पावसाचे जादा पाणी सामावून घेणारी सखल जमीनही जाईल. शिवाय पडीक शेतावर पहिली नजर खारफुटीची नव्हे, बांधकामाची असते. शेत कसले जात असेल, तर भराव टाकणाऱ्याला अडवायला कुणीतरी उभे असते.

काय करायला हवे?

उत्तर कागदावर आहेच. किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठीच्या खास तरतुदींत खाजनांचे नकाशे, त्यांच्या काठच्या खारफुटीचे रक्षण आणि खाजनांचा व्यवस्थापन आराखडा एकत्रच मांडले आहेत. अंमलबजावणीत मात्र जंगल वन खात्याकडे, बांध कृषी आणि जलस्रोत खात्यांकडे, जलमार्ग आणखी कुणाकडे. चोडणपुरता तरी एकच आराखडा व्हावा. कोणते शेत राखायचे आणि कोणते खारफुटीला सोडायचे, हे गावासमोर ठरावे. सोडलेल्या जमिनीची भरपाई मिळावी. फुटलेला बांध पुढच्या पावसाळ्याआधी बुजवण्याची मुदत असावी. अरुंद पात्रात बार्जचा वेग बांधून द्यावा.

अभयारण्याची हद्द सरकारी राजपत्रात संपते, भरतीचे पाणी तिथे थांबत नाही. चोडणच्या शेतकऱ्याला बांधाबाहेरची खारफुटी पुन्हा आपली राखणदार वाटू लागली, तर तिच्यासाठी वेगळा पहारेकरी नेमावा लागणार नाही.