‘चीनसारखा धनी हवा’ म्हणणाऱ्या ग्वाल्हेरकरांना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत राजकारणाच्या गप्पा शेवटी दोन वाक्यांवर येऊन ठेपतात. एक जुनं: ‘शिंदे सरकारांच्या काळात असं नव्हतं.’ दुसरं अलीकडचं: ‘आपल्याकडे चीनसारखा हुकूम चालला पाहिजे.’ बहुतेकदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघतात, आणि मागणीही एकच असते. वर एक खंबीर धनी असावा, त्याने सांगावं आणि काम व्हावं.

या म्हणण्याला आधार नाही असं मी म्हणणार नाही. माधवराव शिंदे महाराजांनी ग्वाल्हेरभोवती दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे टाकली. श्योपूरपर्यंतची तिची सुमारे 200 किलोमीटरची वाट 2020 साली बंद पडली, आणि तिचं रुंदीकरण तुकड्यातुकड्यांनी रखडत चाललं. चीनने बीजिंग-शांघाय हा 1,318 किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग 2008 ते 2011 या काळात बांधून मोकळा केला. मार्च 2023 मध्ये सौदी अरेबिया आणि इराण यांचा समेट झाला तो बीजिंगमध्ये. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही दुर्मीळ धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीला परवाने लावताच आपल्याकडच्या मोटार कारखान्यांची झोप उडाली. एवढा वचक कशाच्या जोरावर? पूर्वपक्षाचं उत्तर तयार असतं: पोलादी हात.

पण तो हात 1978 साली, चीनची भरभराट सुरू झाली तेव्हा, उगवला नाही. 1949 साली कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आली तेव्हापासून तो होताच. मग पहिली तीस वर्षं चीन जगाचा कारखाना का झाला नाही? 1958 साली माओंनी ‘मोठी झेप’ ही उत्पादनवाढीची मोहीम पुकारली. खालच्या अधिकाऱ्यांनी धाकापोटी धान्याचे आकडे फुगवून वर पाठवले, आणि त्या खोट्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने खेड्यांतून खरं धान्य उचललं. 1959 साली लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून याची जाणीव करून दिली. कोरियाच्या युद्धात चिनी फौजांचं नेतृत्व केलेला हा माणूस. त्याचंच पद गेलं. पुढे कोण तोंड उघडणार? त्यातून आलेल्या दुष्काळात किती माणसं मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. हुकूम तिथेही चाललाच होता, अगदी शेवटच्या खेड्यापर्यंत.

फळ आलं ते हात सैल झाल्यावर. 1978 साली आनह्वी प्रांतातल्या श्यावकांग गावच्या शेतकऱ्यांनी सामूहिक शेती चोरून आपसांत वाटून घेतली. वरच्यांनी त्यांना चिरडलं नाही, पुढे तीच पद्धत देशभर पसरू दिली. किनाऱ्यावरच्या शहरांना परकी भांडवल आणायची मोकळीक मिळाली. 1982 च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला सलग दोन मुदतींची मर्यादा आली. पक्षाची एकाधिकारशाही कायम राहिली, आणि 1989 साली तिने तिअनानमेन चौकात काय केलं ते जगाने पाहिलं; त्या राजवटीला मी उदार म्हणत नाही. पण एका माणसाच्या लहरीला तिने चाळीसेक वर्षं वेसण घातली. चीनचं आजचं वजन बहुतांशी त्या वर्षांची कमाई आहे.

ही वेसण का लागते, हे ग्वाल्हेरला दुसऱ्याने शिकवायची गरज पडू नये. फेब्रुवारी 1843 मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. विधवा ताराबाई स्वतः पोरवयाच्या. दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे. कारभार कोणी पाहायचा यावरून मामासाहेब कदम आणि दादा खासगीवाले या दरबाऱ्यांची जुंपली. फौज बलाढ्य होती, तोफा उत्तम होत्या, पण धनी गेल्यावर त्या कोणाच्या हुकमाने चालायच्या हे ठरलेलं नव्हतं. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोला एवढी फट पुरली. 29 डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला, आणि जानेवारी 1844 च्या तहाने राज्याचे दात काढले. महाराजपूरला इंग्रजांचा सेनापती होता सर ह्यू गफ, वर्षभरापूर्वीच पहिलं अफूयुद्ध जिंकून चीनमधून मोकळा झालेला. तिकडे बादशहा, इकडे महाराज. दोन्हीकडे एकहाती सत्ता, आणि दोन्हीकडे तिला धूळ चारणारा सेनापती एकच.

माधवराव कर्तबगार होते, यात वाद नाही. पण तेही 1901 च्या सुमारास चीनमध्ये गेले ते बॉक्सर बंड मोडायला निघालेल्या इंग्रज सेनापती गॅसलीचे हाताखालचे अधिकारी म्हणून. सोबत स्वखर्चाने सज्ज केलेलं ‘ग्वाल्हेर’ नावाचं इस्पितळजहाज दिलं. प्रजेपुढे सर्वाधिकारी, साम्राज्यापुढे ताबेदार. बाड्याच्या चौकात उभं राहून ज्या धन्याची आठवण काढली जाते, त्याच्या सत्तेची दुसरी बाजू ही होती.

चीनकडून घ्यायचंच असेल तर बरंच आहे. 1949 साली तिथलं सरासरी आयुर्मान पस्तिशीच्या आसपास होतं, सत्तरीच्या दशकाअखेर ते साठीच्या पुढे गेलं. बाजार मोकळा होण्याआधीच गावोगावचे आरोग्यसेवक आणि मुलींच्या शाळा यांनी ही मजल मारली होती. पुढे कारखान्यांत आलेले हात निरोगी आणि साक्षर होते ते त्यामुळे. स्थानिक सरकारांना खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार होते. आपल्या नगरपालिका मात्र गटाराच्या कामालाही भोपाळच्या तोंडाकडे बघतात. यातल्या कशालाही लोकशाहीची आडकाठी नाही. केरळने शाळा आणि दवाखाने मतपेटीच्या वाटेनेही वाढवले.

मार्च 2018 मध्ये चीनने दोन मुदतींची मर्यादा काढून टाकली. ऑक्टोबर 2022 मध्ये शी चिनफिंग तिसऱ्यांदा पक्षाचे सरचिटणीस झाले. पुढच्याच वर्षी परराष्ट्रमंत्री छिन कांग आणि संरक्षणमंत्री ली शांगफू आधी दिसेनासे झाले, मग पदावरून गेले. कारण सांगण्याची गरज त्या वेळी कोणाला वाटली नाही. तेव्हा लष्करातल्या बैठकीत पुन्हा कोणी चीनसारखा धनी मागितला, तर त्याला एवढंच विचारा की शींच्या मागे कोण. 1953 साली जन्मलेल्या या माणसाचा वारस त्याच्या पक्षाने अजून जाहीर केलेला नाही.