स्थौल्याचे शल्यकर्म : ‘नको’ म्हणण्यापूर्वी

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे आणि त्याचे उत्तर आपण फारसा विचार न करता देऊन टाकतो, असे माझे प्रांजळ निरीक्षण आहे. ‘डॉक्टर, वजन कमी करायचे ऑपरेशन करून घेऊ का?’ हा तो प्रश्न. पूर्वी ही गोष्ट मुंबई-पुण्याची समजली जाई. सप्टेंबर २०११ मध्ये श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत हे शल्यकर्म करून घेतले, तेव्हा त्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेले. पुढे २०१७ मध्ये इमान अहमद या इजिप्तच्या अतिस्थूल महिलेवर मुंबईत जठराचे शल्यकर्म झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबी येथे हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांनी तिचे निधन झाले. या दोन बातम्यांवरून लोकांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले. एका पक्षाला हे शल्यकर्म म्हणजे जादू वाटते, तर दुसऱ्याला साक्षात मृत्यू. आपल्यासमोर बसलेला रुग्ण या दोहोंच्या मधे लोंबकळत असतो.

माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील एक माजी पैलवान माझ्याकडे आले. वय एक्केचाळीस, वजन १३८ किलो, उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे बीएमआय ४६. सोबत प्रमेह, दोन्ही गुडघ्यांत वेदना आणि झोपेत घोरताना मधेच श्वास थांबणे. आपल्या कोल्हापूरच्या वैद्यांना हा रुग्ण नवा नाही. खासबागेचे मैदान सुटते, तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही. पहाटेच्या जोर-बैठका बंद होतात. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटणाचे ताट मात्र जागचे हलत नाही. दुपारची झोपही तशीच. चरकाचार्यांनी स्थौल्याची जी कारणे मोजली आहेत, त्यांतील गुरु-मधुर-स्निग्ध आहार, अव्यायाम आणि दिवास्वप्न अशी बहुतेक सगळी एका माणसात दिसावीत, अशी ही परिस्थिती. (त्याच यादीत बीजस्वभावही आहे. रुग्णाला खादाड म्हणून झापताना आपण तो सोयीस्करपणे विसरतो.)

त्यांनी मला विचारले ते असे, ‘डॉक्टरसाहेब, घरची माणसं आप्रेशन कर म्हणत्यात. तुम्ही एकदा नको म्हणा, म्हंजे सुटलो बघा.’ मी तत्काळ ‘नको’ म्हटले. त्यांना तेच ऐकायचे होते आणि मलाही तेच म्हणायचे होते. उद्वर्तन झाले, लेखन बस्ती झाल्या, नवक गुग्गुळ आणि जवाची भाकरी झाली. पहिल्या सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरले आणि पुढच्या वर्षभरात ते परत आले. तिसऱ्या वर्षी इन्सुलिन सुरू झाले. त्यांच्या सौभाग्यवती रात्र-रात्र जागून नवऱ्याचा श्वास चालू आहे की नाही ते पाहत बसत, हे मला फार उशिरा कळले, कारण मी कधी विचारलेच नव्हते. अखेर घरच्यांनी मला न सांगता त्यांना शल्यचिकित्सकाकडे नेले. मला विचारले नाही याचे आधी वाईट वाटले. नंतर वाटले, बरे केले.

आपल्या शास्त्राने असा आंधळा नकार शिकवलेला नाही. अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत पहिला आयुष्याचा ऱ्हास हाच आहे. स्थूल आणि कृश या दोहोंत कृश बरा, कारण स्थूलाला संतर्पणही मानवत नाही आणि अपतर्पणही सोसत नाही, असे आचार्य मोकळेपणाने मान्य करतात. ही प्रामाणिक कबुली आपल्या जाहिरातींत कुठे दिसते? उदरचिकित्सेत तर संशयास्पद कर्मापूर्वी आप्तांना बोलावून, धोका स्पष्ट सांगून त्यांची अनुज्ञा घ्यावी, असा आदेश आहे. उपचार न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास संशय, हे त्यामागील तर्कशास्त्र. स्थौल्यात हा तराजू इतका सरळ नसतो. काही न केले तर रुग्ण उद्या मरत नाही, तो हळूहळू झिजतो. म्हणूनच निर्णय अधिक कठीण.

त्या तराजूत घालण्याजोगे एक वजन स्वीडनमधून मिळते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या तेथील प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शल्यकर्म केलेल्या स्थूल रुग्णांचे आयुष्य न केलेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक आढळले, परंतु सर्वसाधारण जनतेपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. रुग्णाला हे दोन्ही आकडे सांगावेत. एकच सांगणारा चिकित्सक, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, विक्रेता होतो.

पात्रतेच्या मर्यादांतही गोंधळ आहे. २००९ च्या भारतीय सहमतीनुसार बीएमआय ३७.५, किंवा सहव्याधी असल्यास ३२.५, ही मर्यादा होती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली. विमा नियामकाचे २०१९ चे निकष मात्र ४०, अथवा गंभीर सहव्याधीसह ३५ असे आहेत. त्यामुळे शल्यचिकित्सक ‘पात्र’ म्हणतो, विमा कंपनी ‘अपात्र’ म्हणते आणि रुग्ण शेत विकायला निघतो. गतवर्षी एक सव्वीस वर्षांची मुलगी आईसोबत आली. बीएमआय ३१, रक्तशर्करा उत्तम, तक्रार एकच की स्थळे परत जातात. तिला मी थांबायला सांगितले आणि त्या सल्ल्याबद्दल मला आजही शंका नाही. शल्यकर्मानंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे त्या मायलेकींना कोणी सांगितलेच नव्हते. लग्नासाठी शल्यकर्म आणि लग्नानंतर लगेच पाळण्याची घाई, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. २०२५ पासून आपल्या बाजारात आलेल्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे काहींना तिसरा मार्गही उपलब्ध झाला आहे. तो महाग आहे, आणि औषध थांबवताच वजन परतू लागते.

खरा जबाबदारीचा भाग शल्यकर्मानंतर सुरू होतो. हे रुग्ण केस गळतात, मलावष्टंभ आहे, थकवा आहे म्हणून आपल्याकडेच येतात, आणि येथे आपल्या हातून अनर्थ घडू शकतो. स्लीव्ह प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढलेला असतो. तो परत येत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची पूर्ती आजन्म करावी लागते. ‘या गोळ्या उष्ण पडतात, बंद करा’ असे सांगणारे वैद्य मी पाहिले आहेत. त्यांच्या रुग्णाच्या पायांना मुंग्या येऊ लागतात, मग आपण त्याला वातव्याधी म्हणून तेल चोळत बसतो. सतत उलट्या होत असतील तर छर्दीची चिकित्सा करीत दिवस घालवू नयेत. थायमिनच्या अभावाने काही आठवड्यांत मेंदूला इजा होते, म्हणून अशा रुग्णाला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे धाडावे. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यांश अशा जठरातून फार वेगाने रक्तात शिरतो. बायपासच्या रुग्णाला गुळाचे अवलेह दिले तर घाम, धडधड आणि अतिसार होऊ शकतो. लंघन, विरेचन आणि लेखन यांचा तर विचारही नको, कारण धातुक्षयाकडे निघालेल्या शरीराला बृंहणाची गरज असते, तेही लघु मात्रेत, प्रथिनयुक्त, सावकाश चावून. जेवताना पाणी नको, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने. आहारविधीचे हे नियम आपणच पिढ्यान्पिढ्या शिकवत आलो आहोत आणि शल्यचिकित्सकाच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते समजावून सांगायला वेळ नसतो. दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागते, तेव्हाही दिनचर्या सांभाळणारा वैद्यच जवळ असतो.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती आहे. १९५४ च्या औषधी व चमत्कारिक उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे. त्यामुळे ‘महिन्यात दहा किलो’ असा फलक दुकानाबाहेर लावणे हा गुन्हाच आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, मेदोहर चूर्ण किंवा आसव मागणाऱ्या ग्राहकाला ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे काय?’ एवढे विचारून मगच डबा खाली काढावा.

आमचे पैलवान आता ९४ किलोंवर आहेत. इन्सुलिन सुटले, मधुमेहाची एक गोळी राहिली. रात्री घरात सगळे झोपतात. अर्ध्या भाकरीतच पोट भरते याचा त्यांना अजून राग येतो, आणि पांढरा रस्सा किती घेऊ, हा प्रश्न ते दर भेटीला विचारतात. मागील महिन्यात त्यांनी बी-१२ चे इंजेक्शन चुकवले होते. ‘तुमचा अश्वगंधा घेतोय की, मग ते कशाला?’ असे त्यांचे म्हणणे. मी नाडीही पाहिली नाही. आधी इंजेक्शन घेऊन या, म्हणून परत पाठवले. संध्याकाळी सहाला ते घेऊन आले.