गोळा ज्याच्या हातात, वाट त्याची

मंडळी, कोल्हापूरहून मिरजेला निघालेली पॅसेंजर कधी कधी हातकणंगल्याला उभी राहते ती राहतेच. दहा मिनिटे होतात, पंधरा होतात. पाटीतली मेथी मान टाकते, पोरे किरकिरतात. मग कोणी जाणता खिडकीतून डोकावून सांगतो, "क्रॉसिंग पडलंय." एवढे ऐकले की मास्तरच्या नावाने बोटे मोडायला सगळे मोकळे! त्या वेळी मास्तर आत काय करीत असतो, ते आज बघू या.

हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने बांधला आणि १८९१ साली त्यावरून गाडी सुरू झाली. लांबी सुमारे ४८ किलोमीटर आणि रूळ एकेरी. म्हणजे उसाच्या दोन फडांमधली गाडीवाटच म्हणा ना. तिथे दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर एकाला गाडी मागे घ्यावी लागते. आगगाडीला ती सोय नाही. भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावरही थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. म्हणून समोरून कोणी येत नाही, याची खात्री निघण्याआधीच करावी लागते.

कोणती गाडी कुठे थांबवायची आणि कोणती पुढे काढायची, हे ठरवणारा कंट्रोलर पुण्याच्या ऑफिसात बसतो. पण त्याने सांगितले म्हणून गाडी सुटत नाही. एका स्टेशनच्या मास्तरने पुढच्या स्टेशनच्या मास्तरला "लाइन क्लिअर" मागायची. पुढच्याने आधी पाहायचे, की मागची गाडी पुरती आत आली का? पुरती म्हणजे शेवटच्या डब्यासकट. त्या डब्याच्या पाठीवर 'एल. व्ही.' अशी अक्षरे लिहिलेली पाटी असते आणि रात्री तांबडा दिवा. ती खूण दिसली नाही, तर एखादा डबा सुटून वाटेतच राहिला असेल, असे धरून चालायचे. इंजिन आले म्हणजे गाडी आली, असा हिशेब तिथे चालत नाही.

लाइन क्लिअर फोनवरून द्यायची वेळ आली, तर नुसत्या "हो, सोडा" वर भागत नाही. देणारा आपल्याजवळच्या छापील यादीतला एक खासगी नंबर सांगतो, घेणारा तो परत म्हणून दाखवतो आणि दोघेही वहीत टिपून ठेवतात. एकदा वापरलेला नंबर खोडायचा.

एवढा काटेकोरपणा कशाला? त्यामागे माणसांचे प्राण गेले आहेत. इंग्लंडात नॉरिच गावाजवळ १८७४ च्या सप्टेंबरात, एकेरी रुळावर, एका अधिकाऱ्याने तारबाबूला पुढच्या स्टेशनसाठी निरोप सांगितला, की टपालगाडी इकडे सोडा. त्याची सही व्हायच्या आधीच तार गेली. सही केली नाही, म्हणजे तार गेली नसेल, असे समजून अधिकाऱ्याने इकडची गाडी तिकडे सोडली. चूक ध्यानात आल्यावर दुसरी तार केली, तर उत्तर आले, की टपालगाडी निघाली! दोन्ही गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २५ माणसे दगावली. दोघांपैकी कोणाचेही मन वाईट नव्हते. एकाला वाटले सांगितले आहे, दुसऱ्याला वाटले ठरले आहे. बस्स, एवढेच.

त्यानंतर १८७८ साली एडवर्ड टायर याने वेगळी युक्ती काढली. निरोपावर विसंबायचेच नाही, हातात वस्तू द्यायची. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर त्याच जातीची गोळ्याची यंत्रे पुष्कळ वर्षे चालली. शेजारच्या दोन स्टेशनांवर विजेने जोडलेली दोन यंत्रे. पुढच्याने संमती दिल्याशिवाय गोळा निघत नाही, आणि दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर येतो. तो चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा नाही, तर गाडी नाही. आता बऱ्याच ठिकाणी हे काम रुळालगतची यंत्रे करतात. आत किती चाके गेली आणि बाहेर किती आली, ते मोजतात. हिशेब जुळला, तरच वाट मोकळी.

आता आपल्या मळ्यात या. विहिरीत मोटरीची वायर जोडायला धाकटा उतरतो. थोरला घरी सांगून ठेवतो, "स्टार्टरला हात लावू नका." लाइट गेलेली असते, म्हणून सगळे निर्धास्त. तेवढ्यात लाइट येते. पुतण्याला निरोप पोचलेलाच नसतो आणि पाण्याची पाळी तर आपली! नाहीतर स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, तो कोणालाच विचारत नाही. आमच्या भावकीत एकदा असे होता होता राहिले. मोटर सुरू झाली तेव्हा पोरगा नुकताच वर आला होता. त्या रात्री त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून आगगाडीचा कायदा मळ्यातही लावा. काम करणाऱ्याने स्वतः मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून आपल्याच खिशात घालावेत, टेस्टरने पाहावे आणि मगच आत उतरावे. फ्यूज हाच आपला गोळा. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, खांबावर ठेवायचा नाही. काम झाल्यावर, जितके उतरले तितके वर आले का, ते मोजावे. शेवटचा माणूस काठावर दिसल्याशिवाय फ्यूज खिशातून काढू नये.

आणि पुन्हा कधी हातकणंगल्याला गाडी खोळंबली, तर मास्तरवर चिडू नका. तो शेवटच्या डब्याची वाट पाहत असतो.