उत्सव आणि नागरिक

उत्सव ही प्रौढांची शाळा होय. समाजाचे उत्सव जसे, तसे त्याचे राजकारण, असे आमचे मत बनत गेले आहे. सोलापूरकरांस त्याची साक्ष शोधावयास गावाबाहेर जावे लागत नाही.

संक्रांतीच्या सुमारास येथे श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी नगराभोवती 68 लिंगे स्थापिली, अशी परंपरा आहे. त्या लिंगांस तैलाभिषेक, मग अक्षता सोहळा, मग होमविधी, असा क्रम ठरलेला. शुभ्र बाराबंदी ल्यालेले भक्त सात नंदीध्वज पेलतात. त्यासाठी आधी पुष्कळ सराव करावा लागतो. उंच ध्वजाचा तोल सांभाळणाऱ्यास मिजास परवडत नाही. उत्सवात प्रत्येकास काही कर्तव्य असते आणि कर्तव्यास मर्यादा असते.

आता दुसरी मिरवणूक पाहा. ध्वनिक्षेपकांची भिंत, डोळ्यांस झोंबणारे प्रकाशझोत आणि देवाच्या किंवा महापुरुषाच्या मूर्तीहून मोठे स्थानिक पुढाऱ्याचे चित्र. लोकमान्यांनी 1893 साली गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले, ते लोकांनी एकत्र येऊन ऐकावे, बोलावे, विचार करावा म्हणून. या भिंतीपुढे बोलणे ऐकूच येत नाही. तेथे वाढलेला तरुण पुढे सभेस जातो तोही घोषणा देण्यापुरता. नळास पाणी कोणत्या दिवशी येणार, हे विचारण्याची त्यास सवयच लागलेली नसते. आमची चिंता कानांपुरती नाही, ती या सवयीची आहे.

आक्षेपक म्हणतील, ज्यांस शतकानुशतके वेशीबाहेर ठेविले, त्यांनी रस्त्यावर मोकळेपणाने आनंद केला, तर तुम्हा पुस्तकी लोकांचे काय बिघडले? आक्षेपात तथ्य आहे. जुन्या व्यवस्थेत मान थोड्यांस मिळे आणि दूर उभे राहणे पुष्कळांच्या वाट्यास येई, हे नाकारता येत नाही. रस्ता सर्वांचा आहे. तथापि ज्या डॉ. आंबेडकरांची जयंती थाटाने होते, त्यांनीच 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बजाविले होते की, राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा सर्व जातींस आणि सर्व पक्षांस सारखाच लागू आहे.

याच सोलापुरात मे 1930 मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस येरवड्यास फाशी देण्यात आले. त्यांच्या स्मरणास यंत्राची गरज लागत नाही. चार नावे एकापुढे एक उच्चारली, तरी ते गाव कसे होते हे कळते.

कायदा करावयाचे ते करीत आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांस मनाई केली, निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. वर्षातून काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलतही ठेविली. परंतु शिपाई यंत्र बंद करील, अभिरुची निर्माण करणार नाही. ते काम कुटुंबाचे. वर्गणी मागावयास मुले येतील तेव्हा गृहस्थाने दारातून परतवू नये. आत बसवून पैशाचा विनियोग विचारावा, आणि व्याख्यान वा ग्रंथालय योजिले असेल, तर दुप्पट द्यावे. मात्र तत्पूर्वी आपल्या घरच्या वरातीपुढे काय वाजते, तेही पाहावे. तेथे मौन पाळून चौकातील पोरांस दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही.