तिला पाणी कोणी दिलं?

‘मानमोडी’ हा शब्द आला की माझी आजी आवाज खाली आणायची. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडीची साथ म्हणत. आजी तेव्हा सहा वर्षांची. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात एकापाठोपाठ एक सगळे तापानं पडले. सासरे, नवरा, दोन दीर. आजीची आई, म्हणजे माझी पणजी, सव्वीस वर्षांची, दिवस गेलेली. विहिरीचं पाणी, काढे, पेज, कपडे, सगळं तिच्यावर. ते चौघे उठले. मग ती पडली आणि चौथ्या दिवशी गेली. “आई पडली तेव्हा पाणी आणायला घरात कोणी धड उभं राहू शकत नव्हतं,” आजी एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

आमच्या घराचं नशीब, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. पुढे वाचनात आलं, की ही घरोघरची गोष्ट होती. १९२१च्या जनगणनेच्या अहवालातच नोंद आहे, की या साथीनं वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त नेली आणि त्यातही बायका अधिक. अमेरिकेत, युरोपात याच वयाचे पुरुष जास्त गेले होते. आपल्याकडे उलटं झालं. असं का व्हावं?

एरवी फ्लू घेतो ती तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं. या साथीत धडधाकट तरुण पटापट जात होते. आपल्या देशात किमान सव्वा कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. मुंबईत जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून ताप सुरू झाला, ओसरलाही. सप्टेंबरमध्ये परत आला तो वेगळाच होऊन. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू!

तो विषाणू इतका जहाल का होता, याचा छडा लागायलाही एक बाईच कारण झाली. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत १९१८च्या नोव्हेंबरमध्ये पाच दिवसांत ऐंशीपैकी बहात्तर माणसं मेली होती. त्यांना कायम गोठलेल्या जमिनीत पुरलं होतं. १९९७ साली योहान हुल्टिन या बहात्तर वर्षांच्या डॉक्टरांनी ती जागा पुन्हा उकरली. एका लठ्ठ बाईची फुप्फुसं चरबीमुळे टिकून राहिली होती. तिला त्यांनी ‘ल्यूसी’ म्हटलं. तिच्या आणि दोन सैनिकांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून २००५ साली शास्त्रज्ञांनी तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला. नेहमीच्या फ्लूच्या मानानं तो फुप्फुसात फार जोरानं वाढतो, असं उंदरांवर दिसलं. तरुणांच्या शरीराचा प्रतिकारच अतिरेकी होऊन फुप्फुसांवर उलटला असावा, असंही एक मत आहे. शिवाय बहुतेकांचा जीव घेतला तो मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८चा.

पण विषाणू तर सगळ्यांना एकच होता ना? तरी मुंबईत हजारी मृत्यू युरोपियनांमध्ये आठ, पारशांमध्ये नऊ आणि ज्यांची नोंद तेव्हा ‘खालच्या जाती’ अशी केली गेली त्यांच्यामध्ये एकसष्ट. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धामुळे धान्य महाग झालं होतं. अंगात रक्त नाही, खोलीत हवा नाही, उशाशी माणूस नाही. औषध नसलेल्या आजारात पाणी, पेज, पांघरूण आणि विश्रांती हेच औषध, आणि ते कोणीतरी हातात द्यावं लागतं.

आता त्या पंक्तीत बाई बसवून बघा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवणारी, चुलीच्या धुरात दिवस काढणारी, वर गरोदर. १९१९ साली अमेरिकेत फ्लू झालेल्या साडेतेराशे गरोदर बायकांची माहिती गोळा केली गेली, तर शंभरातल्या सत्तावीस दगावल्या होत्या. तिथे ही गत, तर आमच्या पणजीचं काय! आणि तिच्या वाट्याला तापात विश्रांती नव्हती, कारण विश्रांती देणारी तीच होती.

‘जुनं झालं ते’ असं म्हणू नका. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चोपन्न बायकांना रक्तक्षय आढळला. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हाही गरोदर बायकांना धोका जास्तच होता. फ्लूची लस गरोदरपणात द्यावी असं जागतिक आरोग्य संघटना २०१२पासून सांगते आहे. आपल्याकडे ओटीभरणाचा हॉल महिनाभर आधी ठरतो, पण या लशीचं डॉक्टरांना विचारायचं कोणाला सुचत नाही. ते सासूनं विचारावं, नवऱ्यानं विचारावं. तिच्यावरच का टाकायचं?

आणि दुखणं वाटून घ्यायचं आधीच ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चौघांना एकदम फ्लू झाला. एकशे दोन तापात मी गॅसपाशी उभी राहून मऊ भात करत होते. मला कोणी ‘कर’ म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. माझे पायच तिकडे वळले. शेजारच्या वहिनींनी बघितलं, गॅस बंद केला, मला आडवं केलं. त्या दिवशी मला पणजी आठवली.

आता घरात ठरलंय. ज्याला ताप येईल त्यानं झोपायचं, मग ती मी का असेना. मुलगा खिचडी करतो. ती खाली लागते आणि कुकर घासायचं कामही त्याचंच आहे.