नऊ वाजून नऊ मिनिटं



मी धुळे जिल्ह्यात चौथीच्या वर्गावर होते, तेव्हाची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. काल पाठ झालेला सातचा पाढा आज साफ कोरा! "फळा पूस, खडू आण आणि हजेरीपट हेडसरांना देऊन ये," असं सांगितलं की गडी फळा पुसून तिथंच उभा. मी रागवायची. एकदा तर 'मठ्ठ' असंही बोलून गेले. त्याची आजी शाळेत येऊन म्हणाली, "बाई, पोऱ्या लबाड नई शे. इसरी जास." तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. तो पाडला पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं. उठून म्हणाली, "बाई, त्याला एका वेळी एकच काम सांगा ना. मग बरोब्बर करतो तो." आणि डी.एड. झालेली मी!

त्याला नेमकं काय होतं, ते डॉक्टरच सांगू शकतात. मी ठरवणार नाही. पण त्यानंतर मी वाचायला लागले. बाळ पोटात असताना आईनं दारू घेतली, तर ती नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाचं यकृत पुरतं तयार नसतं. मेंदू तर नऊही महिने घडत असतो. त्याला इजा झाली की लक्षात ठेवणं, पैशांचा हिशेब, वेळेचा अंदाज हे जन्मभर अवघड जातं. बहुतेकांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही, म्हणून लोक त्यांना आळशी नाहीतर खोटारडे ठरवतात. १९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी याला नाव दिलं. आज सगळ्या प्रकारांना मिळून 'एफएएसडी' म्हणतात. आईला मात्र बोल लावू नका हं! आपण आई होणार हे कितीतरी जणींना तेव्हा ठाऊकच नसतं, आणि धोकाही कुणी सांगितलेला नसतो.

अशा मुलांना दत्तक घेतलेल्या कॅनडा-अमेरिकेतल्या काही पालकांनी एक दिवस ठरवला. ९ सप्टेंबर १९९९, सकाळी ९ वाजून ९ मिनिटं. नऊच का? ओळखलंत ना! त्या दिवशी पहिली घंटा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला वाजली.

पुढे ही मुलं मोठी झाली. कॅनडातले माइल्स हिमेलराइक आणि सी. जे. लुटकी यांना स्वतःला एफएएसडी आहे. त्यांनी आणि साथीदारांनी आपल्यासारख्याच मोठ्या माणसांकडून प्रश्नावली भरून घेतली, आणि आपल्याला कोणकोणते आजार होतात ते २०१७ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत मांडलं. समोर शास्त्रज्ञ ऐकायला! मला हे फार आवडलं.

आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात एफएएसडीचं वेगळं नाव नाही. पण बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता आहेत, त्यातून मदत मागता येते. आपल्या जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल'मध्ये दिव्यांग तरुण-तरुणी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. कधी गेलात तर बघून या.

हो, त्या मुलाचं सांगायचं राहिलंच. मी पुठ्ठ्यावर चार चित्रं काढून दिली: फळा, खडू, हजेरीपट, घंटा. एक काम झालं की एक पुठ्ठा उलटा करायचा. घंटेचं चित्र त्याला इतकं आवडलं, की ते तो घरीच घेऊन गेला. मला दुसरं काढावं लागलं.